ध्यान लागलं त्या रविवारी

नेतीच्या भांड्याची चोच एवढी बारीक असते हे तिला आजच दिसत होतं — आणि त्या चोचीच्या टोकाशी लोंबणारा सूपचा नारिंगी थेंब, पडू की नको अशा विचारात. हे भांडं खरं म्हणजे नाकासाठीचं. आजोबा रोज सकाळी बेसिनवर वाकून, मान तिरकी करून, एका नाकपुडीतून कोमट मिठाचं पाणी आत घालायचे आणि दुसरीतून बाहेर काढायचे, आणि ती लहान असताना दारात उभी राहून 'हत्ती! हत्ती!' म्हणून टाळ्या पिटायची. आता आईने तेच भांडं उकळून घेतलं होतं, आणि त्याच चोचीतून आजोबांच्या तोंडाच्या चांगल्या बाजूने सूप थोडं थोडं आत जात होतं. दुकानातून आणलेल्या कपाचं तोंड रुंद, सगळं गळ्यावर सांडायचं. कल्पना आईचीच, आणि कल्पना नामी होती. नाकाचं तोंडावर आलं, असं काहीतरी तिला बोलायचं होतं, हसूसुद्धा आलं होतं ओठांपर्यंत… पण ते तिथूनच परतलं.

"हनुवटी खाली, बाबा. अजून खाली. हां. आता गिळा."

"तीन," आजोबा म्हणाले.

"गरम आहे का? थांबा, फुंकते."

"तीन, चार. चार! चार!"

"बरं बरं, नाही फुंकत. ओरडू नका."

आणि आजोबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सूप फुंकलं म्हणून, किंवा फुंकलं नाही म्हणून.

अर्धांगाच्या झटक्यात त्यांचे सगळे शब्द गेले होते आणि आकडे तेवढे राहिले होते. असं होतं म्हणे. डॉक्टर म्हणाले होते, जे तोंडात पक्कं बसलेलं असतं ते कधी कधी मागे राहतं. कुणाची गाणी राहतात, कुणाच्या शिव्या राहतात. आजोबांचे श्वासाचे आकडे राहिले. जन्मभर योगाच्या क्लासमध्ये माणसांना समोर बसवून चार आकड्यांत श्वास घ्यायला लावला, आठात सोडायला लावला, त्याचीच ही शिल्लक. पाणी हवं असलं तरी आकडा, पाठ दुखली तरी आकडा. ती खोलीत आली की ते तिच्याकडे बघून एक आकडा म्हणायचे. कधी सहा, कधी दोन. सुरुवातीला तिने त्यात काही सापडतंय का ते फार शोधलं — सहा म्हणजे प्रेम असेल, दोन म्हणजे राग असेल — पण तसं काही नव्हतं. पूर्वी ते तिला टिटवी म्हणायचे. सगळ्या घरात, जिन्यात, क्लासमध्ये, सगळ्यांसमोर. "टिटवे, मध्ये कधी श्वास घेतेस का, की तेवढं काम कानांवर सोपवलंयस?"

टिटवी होतीच ती. दीड माणसाचं एकटी बोलायची. आणि हल्ली तर काय, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तिला वाटायला लागलं होतं की जगात कुठेही उभं केलं तरी आपण बोलू शकतो, राजासमोर, सिंहासमोर, समुद्रासमोर. ते बक्षीस घेऊन ती घरी आली तेव्हा आजोबा पेला घासत होते. पेला घासताना ते पेलाच घासायचे. बुटाच्या नाड्या बांधताना नाड्याच बांधायचे. त्यांचा योग चटईवर मावायचाच नाही, चटई गुंडाळली की खरा सुरू व्हायचा — चावण्यात, चालण्यात, फोनवर कुणी तडतडलं तर ते पूर्ण ऐकून घेऊन "झालं? आता घोटभर पाणी प्या," म्हणण्यात. तर त्यांनी पेला विसळला, पालथा घातला, हात पुसले आणि मगच बक्षीस हातात घेतलं, आणि मग असे हसले, असे हसले… तो दिवस किती मोठा होता. घरात कुठे ठेवावा कळत नव्हतं एवढा मोठा.

दप्तर खांद्यावर टाकताना ती म्हणाली, "येते, आजोबा."

"पाच," आजोबा म्हणाले, आणि पुन्हा रडले.

शाळेत तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने विचारलं, "कसे आहेत गं?"

"मजेत. दिवसभर आकडेमोड. तुझ्यापेक्षा गणित बरंय त्यांचं."

"काहीही हं!" मैत्रीण हसली, मग हसायचं नव्हतं हे लक्षात येऊन तोंडावर हात ठेवून बसली, आणि तिचीच दया येऊन हिने तिच्या डब्यातला अर्धं सँडविच खाल्लं. सगळं नेहमीसारखं. फळ्यावर मास्तरीणबाई मेंदूचं चित्र काढत होत्या — योगायोगाने नव्हे, धडाच तो होता — अक्रोडासारखा मेंदू, त्याला बाण, बाणांना नावं. वर्ग शांत झाला, कारण बाई म्हणाल्या होत्या की आकृती काढताना पिन पडली तरी ऐकू आली पाहिजे. आणि त्या शांततेत, पेन्सिलींच्या खरखरीत, तिला तो आवाज पुन्हा ऐकू आला.

त्यांच्या घरात नियम थोडे होते, पण एक पक्का होता: ध्यानाला बसलेल्याला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. आजोबा सकाळी हॉलच्या कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभर पुढे, दुमडलेल्या घोंगडीवर बसले की घराने आवाज गिळायचा. बेलची वायर काढून ठेवायची. दाराशी कुणी आलंच तर ओठांवर बोट. ती रांगत होती तेव्हापासून तिला हे ठाऊक होतं, जसं विस्तव भाजतो हे ठाऊक असतं. एकदा कुकरची शिट्टी उडून छताला लागली होती आणि आजोबांची पापणीसुद्धा लवली नव्हती. ही गोष्ट घरात एखाद्या लढाईसारखी सांगितली जायची. कासव जसं पाय आत घेतं तसं कान, डोळे, सगळं आत घ्यायचं, ते सांगायचे. आवाज येतील आणि जातील. त्यांच्या मागे धावायचं नाही. तू धर्मशाळा नाहीस प्रत्येकाला उतरवून घ्यायला.

त्या रविवारी ती त्यांच्यासमोर बसली होती. नेहमी बसायची, आणि नेहमी पाच मिनिटांत तिच्या डोक्यात बाजार भरायचा: गृहपाठ, मैत्रिणीचा अबोला, पायाला मुंग्या, नाकावर माशी. पण त्या रविवारी… काय झालं काय माहीत. श्वास आत गेला, बाहेर आला, आणि बाजार उठला. एकेक दुकान बंद होत गेलं. एखाद्या घरात सगळे बाहेर गेल्यावर जसं घराचं स्वतःचं असं काहीतरी ऐकू यायला लागतं तसं. आणि तेव्हा तो आवाज आला. फार मोठा नव्हता. जड खुर्ची फरशीवरून थोडी ओढावी आणि मध्येच थांबवावी, तसा. मग एकदा अजून. समोरून आला होता. आणि ती — किती हुशार, किती तयार झालेली! — तिने तो आवाज येऊ दिला आणि जाऊ दिला. धावली नाही. पहिल्यांदाच तिला जमलं. आवाज गेल्यावर मागे जे उरलं ते इतकं स्वच्छ होतं, इतकं रुंद, की तिला वाटलं, हेच. यासाठीच आजोबा बसतात. मी पोचले. आम्ही दोघं एका ठिकाणी आहोत.

तिने डोळे उघडले तेव्हा उन्हाचा पट्टा आजोबांच्या गुडघ्यापर्यंत आला होता. ते मागे भिंतीला किंचित टेकले होते आणि डोळे अर्धवट मिटलेले होते. केवढं खोल गेलेत, ती मनात म्हणाली. आणि चवड्यांवर उठली, चवड्यांवर स्वयंपाकघरात गेली आणि आईच्या कानात, आनंद दाबून दाबून फुटायला आलेला, सांगितलं, "आई, आज लागलं माझं!"

"शू! हळू. ते बसलेत अजून."

दोघींनी कुजबुजत नाश्ता केला. खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं तेव्हा आईने हॉलची खिडकी हलक्या हाताने लोटून घेतली — त्यांना त्रास नको म्हणून. त्यांच्या पायाला पाय लागू नये म्हणून वळसा घालून. वळसा घालून.

"आधी आणायला हवं होतं," दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते.

"आम्हाला वाटलं ध्यान लागलंय," आई म्हणाली होती. आणि डॉक्टरांनी जे पाहिलं होतं दोघींकडे, म्हणजे रागाने नव्हे, रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं…

"आकृतीला नावं दे," बाई तिच्या बाकाशी येऊन म्हणाल्या. तिने पाहिलं, तिच्या वहीत मेंदू छान आला होता. नुसता. एकही बाण नसलेला.

दुपारी घरी व्यायामवाली ताई आली होती. आजोबांचा उजवा हात मांडीवर घेऊन बोटं सोडवत होती. तो हात आता मुठीसारखा वळलेला असायचा. ताई अंगठ्यापासून सुरू करायची आणि ती समोर बसून बघायची, कारण ही बोटं तिला पाठ होती. याच हातावर आजोबांनी तिला योगसूत्रांतले पाच क्लेश शिकवले होते. अंगठा म्हणजे न कळणं. त्याच्या शेजारचं, सारखं पुढे पुढे करणारं, ते 'मी मी'. मग हवंसं वाटण्याचा हट्ट, मग नकोसं वाटण्याचा. आणि करंगळी म्हणजे अभिनिवेश, जगण्याला घट्ट धरून बसणं. "दिसते एवढीशी, पण ही शहाण्याचीसुद्धा सुटत नाही, टिटवे."

"तुमची सुटली?"

"बघ की," हात तिच्या नाकासमोर धरून ते म्हणाले होते, "आहे जागच्या जागी."

केवढी हसली होती ती. विनोदच वाटला होता.

"ही शेवटची फार ताठ आहे हं यांची," ताई म्हणाली. "सोडा आजोबा. ढिली सोडा. घाबरू नका."

"एक! एक, एक!" आजोबा कळवळले आणि त्यांनी चांगल्या हाताने ताईचा हात ढकलला. ढकलला! ज्या माणसाने भिंतीवरच्या पालीलासुद्धा कागदावर घेऊन बाल्कनीत सोडलं. मग स्वतःच ढकलल्याचं रडू. ते रडणंही एका बाजूनेच, अर्ध्या चेहऱ्याने. उरलेला अर्धा त्या रविवारसारखा शांत. तिला तो शांत अर्धा बघवायचा नाही.

तेव्हा कळत होतं का तुम्हाला, आजोबा? म्हणजे, मी होते समोर, ते दिसत होतं का? तो आवाज आपोआप आला होता, का तुम्ही मला हाक मारत होतात? एवढंच सांगा. 'हो' ला एक म्हणा, 'नाही' ला दोन. पण हे विचारून काही उपयोग नव्हता. एकदा तिने विचारलं होतं आणि आजोबा तिच्याकडे बघत आठापर्यंत गेले होते.

तिने क्लास घ्यायचा हे खूळ बँकवाल्या काकांचं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून क्लासची चावी त्यांच्याकडे होती, आणि आजोबांचे सगळ्यात जुने विद्यार्थी आपण, हे ते चपला काढायच्या आत सांगायचे. शेजारच्याच मोठ्या खोलीत क्लास भरायचा. झटक्यानंतर चटया तिथे तशाच गुंडाळून उभ्या होत्या.

"ही घेऊ दे की," काका आईला म्हणाले होते. "हिच्या बोलण्यात सरांचाच सूर आहे. क्लास बंद पडू नये अशीच सरांची इच्छा असणार."

"तुम्हाला सांगितली त्यांनी? कुठल्या आकड्यात?"

काका वरमले, पण हटले नाहीत. "तसं नव्हे हो ताई. वाईट वाटतं, एवढंच. एवढी साधना, एवढा तोल… आणि शेवटी हे असं लहान मुलासारखं रडणं. कुणी पाहिलं तर म्हणेल, काय दिलं मग योगाने?"

"शेवटी काय, शेवटी?" आईचा आवाज चढला. "शेवट झालेला नाहीये. ते आत आहेत आणि कान शाबूत आहेत त्यांचे."

तेव्हा तीच मध्ये म्हणाली होती, "मी घेते." सगळ्यांना वाटलं, पोरगी धीराची. पण तिला फक्त बघायचं होतं, त्या रविवारपासून ती एकदाही बसली नव्हती. डोळे मिटले की खुर्ची ओढली जायची. जे तिला आयुष्यात सगळ्यात जास्त आवडलं होतं ते तिच्याकडून कायमचं गेलं आहे का, का नुसतं रुसलं आहे, हे तिला एकदा कळायला हवं होतं, आणि एकटीने बसून बघायची छाती होत नव्हती.

संध्याकाळी सगळे आले. चटया उलगडल्याचा तो ओळखीचा फटफट आवाज झाला आणि ती आजोबांच्या जागी बसली, तोंड सगळ्यांकडे करून. आसनं सोपी होती, तोंड चालत होतं, किंबहुना छानच चालत होतं; गुडघा वाकवा, खांदे कानांपासून दूर, कुणाशी शर्यत नाही. एका काकूंना तिने हसवलंसुद्धा. मग दिवे मंद केले आणि ती म्हणाली, "सुखाने बसा. डोळे अलगद मिटा. श्वास बघा." आणि पुढचं वाक्य जिभेवर आलं, आवाज येतील आणि जातील, हे वाक्य, आणि ते तिथेच राहिलं. ते न म्हणताही सगळे पोचले. आजोबांची तयार माणसं ती.

आणि तेव्हा भिंतीपलीकडून आजोबा ओरडले.

"दोन! दोन, तीन… तीन!"

आईचा आवाज आला, बारीक, समजावणारा. कूस बदलत असेल. काहीतरी पडलं. मग ते रडणं, वर चढत जाणारं, मध्येच श्वास अडकून पुन्हा सुरू होणारं. भिंत काय, पुठ्ठ्याचीच. सगळं इथे, या खोलीत, चटयांच्या मध्ये येऊन पडत होतं.

कुणी हललं नाही.

तिने आजवर ही माणसं पाठमोरी पाहिली होती, नाहीतर स्वतः डोळे मिटून त्यांच्यात बसली होती. समोरून, डोळे उघडे ठेवून, कधीच नाही. किती सुंदर दिसत होती! काकांच्या कपाळावरची बँक पुसली गेली होती. काकूंच्या ओठांच्या कोपऱ्यात अगदी थोडं हसू होतं. गुळगुळीत, धुतलेले, कुठेतरी दूर लाभ झालेले चेहरे, आणि त्यांच्यामधून तो आवाज येत होता आणि जात होता, येत होता आणि जात होता, आणि कुणीही धावत नव्हतं.

हा माझा चेहरा.

हे इतकं साधं होतं आणि तिला कधी सुचलंच नव्हतं. त्या रविवारी समोरून हे दिसत होतं. आजोबांचे डोळे अर्धवट उघडे होते. शरीराचा एक अर्धा भाग आपल्यापासून सुटून चाललाय आणि समोर नात बसली आहे, हात टाकला तर पोचेल एवढ्या अंतरावर, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू आहे. त्यांनी पाहिलं असेल का? पाहून त्यांना काय वाटलं असेल — टिटवे, अगं टिटवे, ऊठ? की… आणि हे दुसरं तर पहिल्यापेक्षाही सोसवत नव्हतं… की, हिचं लागलंय, उठवू नये? नियमच होता तसा. त्यांचाच होता.

"डोळे उघडा," ती म्हणाली.

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. वक्तृत्वातला. एकेक पापणी उघडली, गोंधळलेली, पाण्यातून वर आल्यासारखी. काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "झाला वेळ? इतक्यात?"

"नाही. आजोबा रडतायत."

"हो, ते… आम्ही ऐकलं, बाळ." काकू हळूच म्हणाल्या. "पण तूच लक्ष देऊ नकोस म्हणजे…"

"मग ऐकू या," ती म्हणाली. "डोळे उघडे ठेवून. एवढंच करू या आज."

माणसं बसून राहिली, एकमेकांची नजर चुकवत. एकाने चटईचा धागा ओढायला घेतला, काकूंनी नाक पुसलं. ते चेहरे आता अजिबात सुंदर नव्हते. पलीकडचं रडणं ओसरत चाललं होतं, आईनेच शांत केलं असणार, आणि तिला कळत नव्हतं की आपण आत्ता काय केलं: आजोबांचं काही पुढे नेलं की त्यांनी जन्मभर जमवलेलं एका संध्याकाळी मोडून टाकलं. विचारायचं कुणाला? ज्याला विचारायचं तो तर…

आणि तिला भीती वाटली ती या कशाची नाही. भीती वाटली कारण इतकं सगळं होऊनही, छातीत एवढा दगड असूनही, पाठीच्या कण्यातून एक ओढ हलकेच वर येत होती, ओळखीची, गोड, निर्लज्ज. तिला डोळे मिटायचे होते. तिला पुन्हा तिथे जायचं होतं, त्या स्वच्छ रुंद जागी, जिथे ती एकदाच गेली होती आणि जिथे तिला वाटलं होतं की आजोबाही आहेत. ते तिथे नव्हते. ते तिच्यासमोर, हाताच्या अंतरावर, एकटे होते. हे तिला आता माहीत होतं, आणि माहीत असूनही ओढ तसूभर कमी होत नव्हती, आणि त्या दोन्ही गोष्टी एकमेकींना जराही न पुसता तिच्या आत शेजारी शेजारी बसून राहिल्या होत्या, जशी ही माणसं बसली होती, अवघडून, डोळे उघडे ठेवून.